‘चाळीस टक्के’ ब्लॉकचा भरवसा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतलं हृदयविकाराचं पान वाचलं. ब्लॉक सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त राहा, असा त्याचा सूर होता. राहवलं नाही म्हणून लिहितो आहे.

माझे थोरले भाऊ अमळनेरचे. छातीत जडपणा वाटला म्हणून अँजिओग्राफी केली. रिपोर्टात एका नळीत ४० टक्के. ‘काळजीचं कारण नाही’ म्हणून दवाखान्यानं घरी पाठवलं. कोलेस्टेरॉलची गोळी दिली होती, पण ती कशासाठी, हे कुणी समजावलं नाही. मी फोन केला की म्हणायचे, ‘बठ्ठं ठीक शे रे भाऊ.’ पोळ्याच्या सकाळी बोरी नदीच्या पाण्यात बैल धूत असतानाच ते कोसळले. नंतर वहिनींना कपाटात गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. पहिल्या पट्टीतल्या चार गोळ्या काढलेल्या, बाकी सगळ्या तशाच.

मी भुसावळ विभागात रुळांच्या देखभालीत ३१ वर्षं काढली. रूळ वरून चकचकीत दिसतो आणि पोटात चीर असते. ती नजरेला दिसत नाही, म्हणून अल्ट्रासॉनिकची ढकलगाडी पाणी सोडत रुळावरून नेतात आणि पडद्यावर उठणारा प्रतिध्वनी बघतात. अँजिओग्राफी म्हणजे वरून बघणं. रक्ताला वाट किती उरली, एवढंच त्यात कळतं. धमनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीच्या थरात सूज आहे का, त्यावरचं आवरण पातळ झालंय का, हे कळत नाही. आणि कितीतरी झटके वाट फारशी न अडवणारा असा कच्चा थर फुटून, तिथे गुठळी धरून येतात.

ही सूज दाखवणाऱ्या संशोधनाबद्दल आपल्या पानात एक ओळही नव्हती. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण शिरेतून सोडतात. थरात शिरलेल्या मॅक्रोफेज पेशी, म्हणजे सूज असते तिथे जमणाऱ्या पांढऱ्या पेशी, ते गिळतात, आणि साधारण दीड दिवसानं एमआरआय काढला की ती जागा काळी दिसते. केंब्रिजच्या डॉक्टरांनी मानेच्या धमनीवर हे करून पाहिलं. २००९ च्या त्यांच्या अभ्यासात ॲटॉर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन गोळी रोज ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांची ही खूण बारा आठवड्यांत ओसरली, १० मिलिग्रॅमवाल्यांची तशी ओसरली नाही. अमेरिकेत सेंट लुइसला तर गॅडोलिनियम हा धातू वाहणाऱ्या कणांना असा रेणू जोडला, की थरात नव्यानं फुटणाऱ्या केशवाहिन्यांना तो नेमका धरतो. सशांच्या महाधमनीतला तेवढा भाग उजळून दिसला.

दादांची गोळी याच स्टॅटिन जातीची होती. ती घेतली असती तर ते वाचलेच असते, असं मी म्हणत नाही. पण ती कशावर काम करते, हे एखाद्या चित्रातून त्यांना दिसलं असतं, तर त्यांनी पट्टी कपाटात टाकली नसती.

हे तंत्र अजून संशोधनातच आहे. हृदयाच्या नळ्या बारीक आणि सतत हलणाऱ्या, तिथे ते मानेपेक्षा फार अवघड जातं. उद्या कुणी ‘नॅनो स्कॅन’चं पॅकेज घेऊन आलं तर आपल्या वाचकांनी भुलू नये, हेही छापा.

धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांकडून एक लेख लिहून घ्या : चाळीस टक्केवाल्यानं काय करायचं, आणि गोळी का थांबवायची नाही.

आपला,
रेल्वेचा एक निवृत्त कर्मचारी, भुसावळ