मासळी धुतलेल्या पाण्यासाठी एक हिरवी टाकी

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सा. न. वि. वि.

मंत्री येणार म्हटलं की आमच्या जेटीवरचे ओटे पहाटेच धुऊन ठेवतात, त्यामुळे खरं पाणी तुम्हाला कधी दिसलंच नसेल. ते बघायचं तर लिलाव उरकल्यावर या. बांगड्याचं रक्त, खवले, म्हाकुलाची शाई, वितळलेला बर्फ, सगळं एका गटारातून सरळ खाडीत उतरतं. माझी आई त्याच गटाराशेजारी पाटी लावून बसते.

त्या पाण्यात नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) भरपूर. बागायतदार याच वस्तू पोत्यांनी विकत आणतात, आम्ही खाडीत फुकट सोडतो. तिथे त्यावर शेवाळ माजतं, मेलं की कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. तेच सूक्ष्म शेवाळ आपल्या ताब्यातल्या उथळ टाकीत वाढवलं तर? दिवसा ते प्राणवायू सोडतं, त्यावर घाण कुजवणारे जिवाणू जगतात, आणि जिवाणूंचा कार्बन डायऑक्साइड शेवाळाला मिळतो. कॅलिफोर्नियात संशोधक विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकातच सांडपाण्यावर हे काम केलं. वीत-दीड वीत पाणी आणि ते हलतं ठेवणारं एक चाक, एवढाच पसारा.

मी परसात दोन पिंपं भरून पाहिली. एकात जेटीवरचं पाणी जसंच्या तसं: चार दिवसांत अळ्या, आणि शेजारच्या काकींचा आरडाओरडा. दुसऱ्यात गाळून, विहिरीचं पाणी दहापट घालून: दहाव्या दिवशी पोपटी हिरवं. रक्ताच्या गढूळ पाण्यात उजेड शिरतच नाही, हे तेव्हा कळलं. मग जून आला, पिंप भरून वाहिलं आणि माझं सगळं शेवाळ माडाच्या बुंध्यात गेलं.

कोकणातली खरी गोम हीच: मळभ आणि वर धो धो पाऊस. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, म्हणजे घाण पाणीही तेव्हाच आटतं. कसोटी उरते ऑगस्ट-सप्टेंबरची.

कापणीही सोपी नाही. पेशी इतक्या बारीक की फडक्यात अडकत नाहीत, आणि लिटरमागे हाती जेमतेम ग्रॅमभर. कुणी यातून डिझेल काढायचं स्वप्न विकायला आलं तर चहा पाजून वाटेला लावा. हापूसच्या आळ्यात खत म्हणून गेलं तरी पुष्कळ. अर्थात जेटीचं पाणी खारं, तेव्हा मीठ आधी तपासायला हवं. आणि शेवाळाची जातही खाऱ्या पाण्यात तग धरणारी हवी.

कोट्यवधींचा प्रकल्प नको. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, त्यांच्या देखरेखीखाली एका जेटीवर एक टाकी द्या. ऑक्टोबर ते सप्टेंबर, पूर्ण वर्ष चालवा. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातला अमोनिया (म्हणजे नत्रच) नि स्फुरद दर आठवड्याला मोजून आकडे जेटीवरच्या फळ्यावर लिहा, बायका येता-जाता वाचतील. ऑगस्टचे आकडे वाईट आले तरी लिहा.

आपला,
एका मासेवालीचा मुलगा, रत्नागिरी