पेरीसाहेबाच्या नावाची खुर्ची

चिऊ,

परवा फोनवर तू विचारलंस की आमच्या कॉलेजात ज्या पेरी प्रोफेसरशिपचं नाव ऐकू येतं तो पेरी कोण होता, आणि मी म्हटलं सावकाश सांगते. तर आता सांगायला बसलेय. लिहूनच सांगते, कारण फोनवर तू हो आई हो आई करत मधेच दुसऱ्याशी बोलतेस. लांबलं तर लोकलमध्ये वाच.

सर थॉमस अर्स्किन पेरी. जन्म १८०६. बाप जेम्स पेरी, लंडनच्या मॉर्निंग क्रॉनिकल पेपरचा मालक-संपादक, सरकारच्या विरोधात लिहिणारा, आणि त्यापायी १७९८ मध्ये न्यूगेटच्या तुरुंगात तीन महिने काढून आलेला. अशा माणसाचा मुलगा पुढे चीफ जस्टिस झाला हे मला फार आवडतं. पोरगा केंब्रिजला शिकला, १८३२ ला चॅथममधून पार्लमेंटच्या निवडणुकीला उभा राहिला आणि पडला, मग १८३४ ला बॅरिस्टर झाला. कोर्टाचे निकाल छापायचं काम करायचा, ते लॉ रिपोर्ट्स असतात ना तुमचे, तेच. आणि १८४० मध्ये बँक बुडाली आणि याचे सगळे पैसे गेले. म्हणून मुंबई! आपल्याकडे येण्यात सेवाबिवा काही नव्हती, घरचे पैसे बुडाले आणि ओळखीचं सरकार होतं, त्यांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात जज्ज म्हणून पाठवलं. १८४१ ला रुजू झाला, १८४७ ला चीफ जस्टिस, आणि १८५२ ला परत गेला.

हे सुप्रीम कोर्ट म्हणजे दिल्लीचं आत्ताचं नव्हे हां. तेव्हा मुंबईत राणीचं एक सुप्रीम कोर्ट होतं, त्याची हद्द मुंबई बेटापुरती, आणि बाहेरच्या मुलखाला कंपनीची सदर अदालत. दोन्ही मिळून १८६२ मध्ये हायकोर्ट झालं. ते जुनं कोर्ट जिथे भरायचं ती बिल्डिंग अजून उभी आहे, लायन गेटसमोरची ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग. फोर्टात जातेसच, एकदा मान वर करून बघ.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तो निघाला तेव्हा इथल्या लोकांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली आणि पाच हजार पौंड जमले. त्या काळचे पाच हजार पौंड! तो म्हणाला हे पैसे कायदा शिकवायला एक प्रोफेसर नेमण्यासाठी वापरा. त्यातून पेरी प्रोफेसरशिप झाली आणि १८५५ मध्ये कायद्याचे वर्ग सुरू झाले, तेच तुझं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज. मी नोकरीत इतके निरोप समारंभ पाहिले की काय सांगू, शाल नारळ पाकीट घेऊन लोक गाडीत बसतात, त्यामुळे या गोष्टीसाठी मी त्याला मनापासून मार्क देते.

पण मला खरं तुला सांगायचंय ते दुसरंच.

१८४७ साली त्याच्यापुढे एक दावा आला, हिरबाई विरुद्ध सोनाबाई. पुस्तकात खोजा आणि मेमन (या दोन मुसलमान जमाती) केस म्हणून सापडेल, कारण मेमन लोकांचा तसाच एक दावा त्याच्याबरोबर चालला. गोष्ट साधी. खोजा घरातला बाप वारला, मागे इस्टेट, आणि मुली कोर्टात आल्या की आम्ही मुसलमान आहोत, कुराणात मुलीला वाटा सांगितलाय, मुलाच्या निम्मा का होईना पण सांगितलाय, तो आम्हाला द्या. समोरच्यांचं म्हणणं असं की नाव मुसलमानाचं असलं तरी आमच्या जमातीत वारसा हिंदूंसारखा चालतो, हे लोक काही शतकांपूर्वी हिंदूंमधूनच तिकडे गेलेले, आणि आमच्यात मुलीला लग्न होईपर्यंत सांभाळायचं, लग्न करून द्यायचं, वाटा द्यायचा नाही. खोजांचे धर्मगुरू आगाखान तेव्हा इराणहून मुंबईत येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि त्यांच्याकडच्यांचा कल मुलींच्या बाजूने होता, म्हणजे मुली अगदीच एकट्या नव्हत्या.

पेरीने निकाल मुलींच्या विरुद्ध दिला.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की लोकांना त्यांच्याच कायद्याने न्याय द्यायचा असं जे कोर्टाच्या सनदेत लिहिलंय त्याचा अर्थ मौलवींचं किंवा पंडितांचं पुस्तक त्यांच्या डोक्यावर मारायचं असा नाही, लोक प्रत्यक्षात कसे वागत आलेत ते बघायचं. रूढी जुनी आहे, एकसारखी पाळली जाते, सार्वजनिक हिताच्या आड येत नाही, तर मग कोर्टाने ती मानली पाहिजे. झालं. हिरबाईचा वाटा गेला.

आता तू म्हणशील आई, यात काय चूक, पुस्तकापेक्षा माणसं बघितली की त्याने. बरोबर आहे. तत्त्व म्हणून मलाही ते पटतं, आणि तुमच्या मूट कोर्टात, त्या सरावाच्या खोट्या खटल्यात, तू या बाजूने उभी राहिलीस तर जिंकशीलसुद्धा. पण मी एवढी वर्षं दिवाणी कोर्टात काढली, रोजनामे म्हणजे रोजच्या कामकाजाच्या नोंदी लिहिल्या, आणि मला माहितीये रूढी सिद्ध कशी होते. एकजण पिंजऱ्यात येतो, पांढरे कपडे, वय साठच्या पुढे, शपथ घेतो आणि सांगतो आमच्या भावकीत मुलींना जमीन देत नाहीत, बापजाद्यांपासून असंच आहे. मग दुसरा येतो तेच सांगतो. तिसरा. उलटतपासात वकील विचारतो तुमच्या बहिणीला दिली का, तो म्हणतो तिने मागितलीच नाही. आणि मागितलीच नाही हाच पुरावा! मागणारी एक आली तर तिला सांगायचं आजवर कोणी मागितलं नाही म्हणून तुला मिळणार नाही, आणि तिला मिळालं नाही म्हणून पुढची मागणार नाही. रूढी अशी स्वतःच स्वतःला पाणी घालत बसते. पेरीसाहेब हुशार होता, त्याला हे दिसलं नसेल का.

तर पुढे ऐक, इथेच खरी गंमत आहे. हा माणूस लंडनला गेला, १८५४ मध्ये डेव्हनपोर्टमधून पार्लमेंटवर निवडून आला. तेव्हा इंग्लंडात काय कायदा होता माहितीये ना, बाईचं लग्न झालं की तिचं सगळं नवऱ्याचं, तिच्या हातातले पैसे, तिची मजुरी सुद्धा. बाई शिवणकाम करून चार शिलिंग आणणार आणि दारुडा नवरा ते कायद्याने काढून घेणार. बार्बरा ली स्मिथ नावाच्या बाईने याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली, सव्वीस हजारांवर सह्या झाल्या, एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग, मिसेस गॅस्केल अशा नावाजलेल्या लेखिकांच्यासुद्धा. मार्च १८५६ मध्ये हा अर्ज पार्लमेंटमध्ये गेला, लॉर्डांच्या सभागृहात लॉर्ड ब्रूमने मांडला आणि कॉमन्समध्ये कोणी मांडला? आपल्या पेरीने. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने ठराव आणला, १८५७ ला बिल आणलं, लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तिचीच राहावी म्हणून. दुसऱ्या वाचनापर्यंत पोचलं बिचारं. पण त्याच वर्षी घटस्फोटाचा कायदा झाला, त्यात नवऱ्याने टाकून दिलेल्या बायकांना थोडं संरक्षण दिलं आणि एवढं पुरे आहे की आता म्हणून मोठं बिल बाजूला पडलं. आपल्याकडे सरकारी समित्या नेमकं हेच करतात. त्याला हवा होता तसा पुरा कायदा १८८२ च्या ऑगस्टमध्ये झाला आणि पेरी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला.

म्हणजे बघ, दहा वर्षांचं अंतर. मुंबईत हिरबाईला नाही म्हणणारा आणि लंडनमध्ये इंग्रज बायकांसाठी भांडणारा माणूस एकच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं ढोंगी असणार मेला. नंतर वाटलं की ढोंगी म्हणणं फार सोपं आहे. इंग्लंडचा कायदा जुना होता, एकसारखा होता, शेकडो वर्षं पाळला जात होता, हिरबाईच्या केसमधली सगळी मापं त्याला लावली तर तो शंभर टक्के पास. पण तिथे पेरीला ती रूढी वाटली नाही, अन्याय वाटला, कारण तिथले लोक त्याचे स्वतःचे होते आणि तिथे मत मागायची, बिल आणायची, सह्या गोळा करायची सोय होती. इथे तो खुर्चीत बसलेला परका साहेब, ज्याला जमातीच्या शेठ लोकांना दुखवायचं नव्हतं की त्यांचं आपण बदलू नये असं प्रामाणिकपणे वाटत होतं, मला ठरवता येत नाही. बहुतेक दोन्ही. पण मुंबईतल्या मुलींसाठी कायदा करायला पार्लमेंट नव्हतं आणि जज्जाने तो करायचा नाही असं त्याने ठरवलं, मग उरलं काय? त्यांच्यासाठी नव्वद वर्षांनी, १९३७ मध्ये शरियत कायदा आला आणि वारशात रूढीचा आधार निघाला. त्यातूनसुद्धा शेतजमीन वगळलीच. जमीन म्हटली की सगळ्यांचे हात आखडतात.

शिक्षणाचं प्रकरणही तसंच. मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचा तो बरीच वर्षं अध्यक्ष होता, आणि त्याचा हट्ट की वरचं शिक्षण इंग्रजीतूनच. नाना शंकरशेठ त्याच बोर्डावर होते, त्यांनी १८४७ ला लिहून विरोध केला की सगळ्या लोकांपर्यंत ज्ञान न्यायचं असेल तर ते त्यांच्या भाषेतूनच जाईल. यावर मी जास्त बोलत नाही, तू इंग्रजीतून शिकतेस आणि मी तुला मराठीत पत्र लिहितेय, आपलं दोघींचं बरं चाललंय. पण गंमत सांगते, याच माणसाने भारतात कुठली भाषा कुठे बोलतात यावर एक मोठा लेख लिहिला होता, १८५३ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलाय. भाषांचं कौतुक होतं त्याला, फक्त वर्गात नको होत्या.

आणि त्या खुर्चीवर पुढे कोण बसलं हे तुला सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. जून १९३५ मध्ये बाबासाहेब गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल झाले आणि त्याबरोबर पेरी प्रोफेसर ऑफ ज्युरिसप्रुडन्स, म्हणजे कायद्यामागच्या तत्त्वांचे. हिरबाईला वाटा नाकारणाऱ्याच्या नावाची खुर्ची, आणि त्यावर बसलेला माणूस पुढे कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिल घेऊन उभा राहतो, ज्यात मुलीला मुलाइतका वाटा होता, आणि ते बिल अडवलं म्हणून १९५१ ला राजीनामा देतो. त्यांनी रूढीला हात लावू नये असं मानलं नाही. शेवटी १९५६ चा कायदा झाला तोही तुकड्यातुकड्याने, वडिलोपार्जितमध्ये मुलगी मुलाच्या बरोबरीने आलीच नाही. मग आपल्या महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून आणली, पण अट अशी की त्या तारखेच्या आधी लग्न झालेलं नको. माझं लग्न त्याच वर्षी मे महिन्यात झालं, तुला माहितीच आहे. महिन्याभरासाठी हुकलं! तुझी आजी आजही म्हणते मुहूर्त चांगला होता म्हणून. मग २००५ ला केंद्राचा कायदा आला तेव्हा कुठे मी धरले गेले.

आता मामाचं. त्याने तुला फोन केला होता हे कळलं मला, तू आईला समजाव म्हणून. आजोबांच्या जमिनीतल्या माझ्या वाट्याचं हक्कसोडपत्र तयार आहे म्हणे, फक्त मी दुय्यम निबंधकाकडे येऊन सही अंगठा करायचा. मामा वाईट नाही गं, आजारपणात आजोबांचं सगळं त्याने केलं, आणि मला ती जमीन कसायला जायचं नाहीये. कदाचित मी सोडेनही. पण त्याने बोलताना जे वाक्य टाकलं ना, आपल्यात बहिणी सोडतातच, तिथे माझं डोकं फिरलं. मी सोडली तर मी सोडली असं लिहिलं जाऊ दे, आपल्यात सोडतात म्हणून नाही. मी त्याला सांगितलंय आधी चालू सातबारा आणि वारसनोंदीचा फेरफार दाखव, मसुदा मला वाचायला दे, मग बोलू. तुझ्याकडे परत फोन आला तर नीट बोल, कसे आहात मामा वगैरे, आणि कागदाचा विषय काढला की आईशी बोला म्हण.

आणि एक काम कर माझं. तुमच्या लायब्ररीत पेरीने स्वतः निवडून छापलेले निकाल आहेत का बघ, १८५३ ला लंडनला छापलेलं पुस्तक आहे ते, त्यात हिरबाईचा निकाल पूर्ण मिळेल. मला साक्षीदारांबद्दल तो काय म्हणतो तेवढी पानं हवीत. फोटो सरळ काढ, मागच्या वेळेसारखे तिरके नकोत, डोळे दुखतात माझे. मूटसाठी तुला कुठली बाजू मिळाली तेही कळव, हिरबाईची मिळाली तर मी रविवारी फोनवर तुझा उलटतपास घेते.

डबा वेळेवर खा.

आई