चेहऱ्याचा भाव ओळीत सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाहू स्टेडियमवरील फुटबॉल सामन्याच्या बातमीत आपण एका खेळाडूचा नुसता चेहरा छापला होता. डोळे घट्ट मिटलेले, जबडा वासलेला, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि खाली ओळ, 'पराभवाने खचलेला'. तो खेळाडू जिंकलेल्या संघाचा होता, हे पेठेत कोणीही सांगितले असते. पण तेवढ्यासाठी एकट्या उपसंपादकाला बोल लावता येणार नाही.

मानसशास्त्रज्ञ हिलेल अविएझर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात व्यावसायिक टेनिसपटूंच्या छायाचित्रांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. गुण जिंकल्याच्या किंवा गमावल्याच्या क्षणीचा नुसता चेहरा पाहून तो आनंदाचा की दुःखाचा हे लोकांना ओळखता येईना. धड दिसले की मात्र ओळखता येई. जिंकलेल्याचा चेहरा हरलेल्याच्या धडावर बसवला, तेव्हा तोच चेहरा दुःखी वाटू लागला. गंमत अशी, की चेहऱ्यावरूनच भाव कळतो, असे लोकांना मनापासून वाटत होते.

धड कापून टाकले की ती जागा छायाचित्राखालची ओळ घेते. आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली आला, त्याच सुमारास रशियात चित्रपट दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याला आणि शवपेटीला आलटूनपालटून जोडून दाखवला, आणि प्रेक्षकांना त्यात कधी भूक, तर कधी शोक दिसला, असे सांगतात. सिनेमाच्या या गावाला हे नवे वाटू नये.

खेळाडूचे एक वेळ हसण्यावारी नेता येईल. न्यायालयाच्या आवारात टिपलेल्या आरोपीच्या चेहऱ्याखाली 'निर्ढावलेले हास्य' असे छापले जाते, तेव्हा प्रकरण गंभीर होते. बोलता बोलता 'ई' उच्चारताना ओठांचे कोपरे कानांकडे ताणले जातात आणि कॅमेऱ्याने नेमका तोच क्षण पकडला, तर गयावया करणारा माणूसही हसतो आहे असे दिसते. (चित्रकलेच्या वर्गात मुलांना आरशासमोर बसवून मी हे करून दाखवत असे.)

म्हणून विनंती अशी, की अशी छायाचित्रे निदान खांदे आणि हात दिसतील इतपत तरी छापावीत. आणि खालच्या ओळीत कोण, कुठे, केव्हा एवढेच द्यावे, मनातले भाव लिहू नयेत.

कळावे,
एक निवृत्त कलाशिक्षक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर