भुऱ्याची साखर आता घरीच बघायची

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

आपल्या मधुमेही बोक्यासाठी, भुऱ्यासाठी, रक्तातली साखर मोजायचं मीटर पाठवलं आहे, एक-दोन दिवसांत पोचेल. बाबा, पाकीट परत पाठवायचं नाही. डॉक्टरांशी सगळं बोलून झालंय आणि सोमवारची दवाखान्याची वेळ मी रद्द केली आहे. तुम्हाला न विचारता केली, हे खरं. पण विचारलं असतं तर आपण पुन्हा 'मुक्या जनावराला टोचायचं तरी किती' इथेच येऊन थांबलो असतो, आणि फोनवर तुमचं 'बरं बरं' झालं की फोन आईच्या हातात जातो. म्हणून पत्र. शांतपणे वाचा, दोनदा वाचा, मग रागवा.

मी हे का ठरवलं ते सांगतो. गेल्या खेपेला आपण त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा साखर ३९८ आली होती, आठवतंय ना? आई गाडीत एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टरांनी इन्सुलिनचा डोस लगेच वाढवला नाही, आधी घरी एकदा बघा म्हणाले आणि त्यांचं मीटर माझ्याकडे दिलं. दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळी, तेवढ्याच डोसवर, तुम्ही दोघं देवळात गेला होतात तेव्हा मी बघितली. भुऱ्या खिडकीत लोळत होता. कानाला टोचल्यावर कान झटकला, एक डोळा उघडला आणि परत मिटला. २१४.

एका दिवसात आजार निम्मा होत नाही, बाबा. फरक भीतीचा होता. टोपलीत घातल्यापासून त्याचं काळीज धडधडायला लागतं. तिथे कुत्री भुंकत असतात, टेबल गार असतं, चार अनोळखी हात अंगावर येतात. मांजर घाबरलं की अ‍ॅड्रेनालिन उसळतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडून देतं. ज्या मांजराला मधुमेह नाही त्याची साखरही अशा वेळी ३०० च्या आसपास जाऊ शकते. यात दवाखान्याचा दोष नाही आणि भुऱ्याचाही नाही, मांजराची जातच तशी. पण त्या ३९८ वर विसंबून डोस वाढवला असता, तर घरी शांत पडलेल्या भुऱ्याची साखर कुठवर खाली गेली असती? आणि ती गेली असती दुपारी, तुम्ही दोघं झोपलेले असताना. मला इथे झोप लागत नाही ती या विचाराने.

दिवसभर दवाखान्यात ठेवून दर दोन तासांनी साखर बघायची, तोही प्रकार आपण करून पाहिला. पिंजऱ्यात त्याने तोंडाला काही लावलं नाही. उपाशी आणि भेदरलेल्या मांजराच्या आलेखावरून रोजच्या जेवणाचा डोस कसा ठरणार? फ्रुक्टोसामाइनची रक्ततपासणी भीतीने बदलत नाही, ती अधूनमधून करतच राहू. पण ती मागच्या आठवड्या-दोन आठवड्यांची सरासरी सांगते. आज संध्याकाळी इंजेक्शन द्यायचं की नाही, याचं उत्तर तिच्यात नसतं.

आई, आता तुझ्याशी. तू मनात धरून बसली आहेस ते मला माहीत आहे. तुझ्या लाडाने त्याला हा आजार झालेला नाही. वय झालेले, नसबंदी केलेले, अंगाने भरलेले बोके यात जास्त सापडतात. त्यात त्याला खाजेसाठी स्टेरॉइड चालू होतं, त्यानेही साखर वाढते. तू नसतीस तर तो इतका पाणी पितो हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मागचे पाय टेकवून, टाचांवर चालतो त्याला तू म्हातारपण म्हणालीस. ते साखरेने नसांवर झालेल्या परिणामामुळे आहे. साखर ताब्यात राहिली तर काही महिन्यांत चाल सुधारू शकते. तू इतके दिवस दोन वेळा इंजेक्शन देतेस आणि त्याला पत्ताही लागत नाही, याचं डॉक्टरांना केवढं कौतुक आहे! मग कान टोचण्याचं काय घेऊन बसलीस.

पण कान टोचायचं काम बाबांचं. आईच्या सुईत दोरा अजून तुम्हीच ओवता, नजर आणि हात तुमचा पक्का आहे. माझ्या पायातले काटे तुम्ही काढायचात तेव्हा बॅटरी मलाच धरायला लावायचात. मी उजेड नीट पडतोय का याच काळजीत असायचो आणि काटा कधी निघाला ते कळायचंच नाही. तीच बॅटरी आता आईने भुऱ्याच्या कानामागे धरायची. कडेने जाणारी बारीक शीर लालसर दिसते. त्या शिरेत नाही टोचायचं. शीर आणि कानाची कड यांच्यामधल्या पट्टीत, वरच्या केसाळ बाजूने. मागे कापसाचा बोळा धरा, म्हणजे सुई आरपार गेली तरी तुमच्या बोटाला लागणार नाही.

त्याआधी कान गरम करा. थंड कानातून रक्त येत नाही, मग माणूस चिडून परत परत टोचतो. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अर्धा-एक मिनिट कानाला लावून धरा. आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. टोचायच्या जागी व्हॅसलिनचं अगदी पुसट बोट फिरवा, मग रक्त केसांत पसरत नाही, थेंब गोळा होऊन उभा राहतो. स्पिरिट लावू नका, झोंबतं आणि त्या वासाने तो पळेल. बाबांच्या पेनसारखा खटका असलेला लॅन्सेट (थेंब काढायची टोचणी) कानाजवळ नको, त्या आवाजानेच तो दचकतो; नुसती सुई हातात धरून टोचलेलं बरं. थेंब खसखशीच्या दाण्याएवढा पुरतो. मीटरच्या पट्टीचं टोक थेंबाला नुसतं टेकवा, रक्त ती आपण ओढून घेते. मग कापूस जरा वेळ दाबून धरायचा, नाहीतर कानात काळंनिळं होतं. एकदा आलं नाही तर दुसऱ्या कानावर बघा, तेही नाही जमलं तर त्या वेळी सोडून द्या. आकडा मिळो न मिळो, त्याचा बक्षिसाचा तुकडा त्याला मिळालाच पाहिजे. थोड्या दिवसांनी तो आपणहून टॉवेलवर येऊन बसेल, पैज लावतो.

टॉवेल टेबलावर अंथरा. जमिनीवर बसून काही करायचं नाही, बाबांचे गुडघे मला ठाऊक आहेत. आई, चष्मा लावून.

बाबा, तुमचं मीटर यासाठी वापरायचं नाही. तुम्ही म्हणाल रक्त ते रक्त. तसं नाही. माणसाच्या रक्तात साखरेचा बराच भाग तांबड्या पेशींत असतो, मांजराच्या रक्तात जवळजवळ सगळी प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात असते. माणसाचं मीटर माणसाच्या हिशेबाने बनवलेलं, ते मांजराची साखर बहुतेक वेळा असते त्याहून कमी दाखवतं. आकडा खालच्या बाजूला असेल तर तेवढ्या फरकाने आपण उगाच घाबरू किंवा उगाच निर्धास्त राहू. पाठवलेलं मीटर प्राण्यांचं आहे, त्यात मांजराची निवड मी करून ठेवली आहे. बटणं दाबून बघू नका.

रोजचा क्रम असा: आधी साखर, मग जेवण, मग इंजेक्शन. दोन इंजेक्शनांत बारा तास. इंजेक्शनआधी साखर २०० च्या खाली असेल तर इंजेक्शन न देता डॉक्टरांना फोन. हा आकडा त्यांनी भुऱ्यापुरता ठरवून दिला आहे. जेवला नाही किंवा उलटी झाली, तरीही आधी फोन. दुपारचा एखादा आकडा, इंजेक्शननंतर पाच-सहा तासांनी, मला अधूनमधून हवा आहे, कारण साखर साधारण तेव्हाच सगळ्यात खाली असते. आणि रविवारी मी व्हिडिओवर असताना दर दोन तासांनी बघून पूर्ण दिवसाचा आलेख काढू.

आलेख म्हटल्यावर तुमचे डोळे चमकले असणार. काढा, रंगीत पेनं काढा. पण डोस आपल्या मनाने एक रेघही वरखाली करायचा नाही. आज ३१०, उद्या २४०, परवा २८५, असं होणारच. एका आकड्यावरून डॉक्टरसुद्धा डोस बदलत नाहीत. शंभरच्या मागेही लागू नका, ते निरोगी मांजराचं झालं. इन्सुलिनवरच्या भुऱ्याचा दिवस बहुतांशी १०० ते ३०० मध्ये गेला तर सध्या उत्तम. साधारण २५० ते २९० च्या वर गेली की साखर लघवीतून सांडायला लागते. त्याची मातीची पेटी पुन्हा ओलीचिंब व्हायला लागली तर आईला ते मीटरच्या आधी कळेल.

गोळी नाही का, असं तुम्ही विचारलं होतंत. आहे. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत मांजरांसाठी तशी पहिली गोळी मंजूर झाली. पण आधी इन्सुलिनवर राहिलेल्या मांजराला ती द्यायची नसते, म्हणून भुऱ्याला ती वाट बंद. मी विचारूनच आलो आहे.

आता जे लिहायला हात मागे येतोय ते. साखर ६० च्या खाली गेली, किंवा तो झोकांड्या द्यायला लागला, थरथरला, शून्यात बघत बसला, एकाएकी वखवखल्यासारखा खायला मागू लागला, तर मीटर शोधत बसू नका. शुद्धीत असेल तर लगेच त्याचं जेवण पुढे करा. खात नसेल तर मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतायचं नाही, श्वासनलिकेत जाईल. आकडी आली असेल तर तोंडात बोट घालायचंच नाही. आणि सावरला असं वाटलं तरी डॉक्टरांना फोन करून त्याला घेऊन जायचंच. मधाची बाटली आणि डॉक्टरांचा नंबर टेबलाजवळ राहू दे. हे होईलच असं नाही. पण ताईच्या वेळी आपण तिघं नुसते उभे राहिलो होतो, ते मला परत नको आहे.

आणि एक चांगली गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली आहे. काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतं. विशेषतः निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत साखर नीट ताब्यात आली आणि खाण्यात पिष्ट कमी ठेवलं तर. भुऱ्याचे ते महिने अजून सरलेले नाहीत. पण गंमत बघा, त्याचं शरीर सुधारायला लागलं की कालपर्यंत बरोबर असलेला डोसच त्याला जड होणार. बरं होण्याची पहिली खूण म्हणजे खाली आलेला आकडा, आणि तो घरी रोज बघणाऱ्यालाच दिसणार. महिन्यातून एकदा दवाखान्यात जाऊन ते कळणार नाही. म्हणून तर एवढा हट्ट धरलाय. त्याच्या वाटीत पिष्ट नको, त्याच्या खाण्याचा डबा बदलायचा नाही, आणि आई, तुझ्या ताटातला घास बंद. तो पायाशी येऊन बघत राहिला तरी बंद. मला ठाऊक आहे तो कसा बघतो.

तो माझा बोका. नोकरी लागल्यावर मी त्याला तुमच्यापाशी ठेवून आलो, आणि आता त्याचं दुखणंखुपणं तुमच्या अंगावर पडलंय. इकडे आणायचा विचार मी केला होता. दिवसभर बंद घरात एकटा, इंजेक्शनच्या वेळी मी कधी पोचणार, कधी नाही. तुमच्याजवळ त्याची खिडकी आहे, आईची साडी आहे, बाबांच्या पेपरवर बसायचा हक्क आहे. त्याला तिथून उचलणं मला पटलं नाही. तुम्हाला झेपेनासं झालं तर मात्र मोकळेपणाने सांगा, मी त्याचं वाईट वाटून घेणार नाही. दुसरी व्यवस्था करू.

बाबा, एक शेवटचं, आणि हे भुऱ्याचं नाही. वहीत दोन रकाने आखा. एक त्याचा, एक तुमचा. त्याची सकाळची साखर रोज लिहायची, तर तुमची आठवड्यातून दोनदा तरी लिहिली गेली पाहिजे, तुमच्या मीटरवर, तुमच्या सुईने. सुया एकमेकांच्या वापरायच्या नाहीत, डबे वेगवेगळ्या खणांत ठेवायचे. तुमच्या मीटरची बॅटरी कधीची संपली आहे, हे मी आलो तेव्हा बघून ठेवलंय. नव्या बॅटऱ्या त्याच पाकिटात आहेत. आई, रविवारी दोन्ही रकाने कॅमेऱ्यासमोर धरायचे. नुसतं 'ठीक आहे' मला चालणार नाही.

तुमचा,
बाळू

ता. क. आई, इन्सुलिनची बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेली बाटली फेकूनच द्यायची. पट्ट्यांची डबी मात्र फ्रीजमध्ये ठेवू नकोस, तू सगळंच आत ठेवतेस. झाकण लगेच घट्ट लाव, दमट हवेने पट्ट्या खोटं बोलतात. भुऱ्याच्या बाटलीवर ४० लिहिलंय, सिरिंजही ४० चीच लागते, लाल टोपणाची. कुणी १०० ची दिली आणि 'चालते' म्हणालं तर घेऊ नका. तिच्यावर तेवढ्याच रेघा भरल्या तर औषध निम्म्याहूनही कमी जातं. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत जमवा, केरात नाही.