पोटरी भरली, हृदय का भरू नये?

बाड नाउहाइम, जर्मनी
14 सप्टेंबर 2025

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वहिनीने पाठवलेले पार्सल काल मिळाले. भाजणी आणि गोडा मसाला सुखरूप पोहोचले, आणि भाजणीच्या पिशवीखाली घडी घालून ठेवलेले वर्तमानपत्राचे कात्रणही. ते चुकून आलेले नाही हे तुमच्या लाल शाईच्या रेघेवरूनच कळले. ‘स्वतःच्याच स्टेम सेलचे इंजेक्शन, कमजोर हृदयाला नवी ताकद’ या जाहिरातीच्या समासात, चार वर्षांपूर्वीच्या झटक्यात तुमच्या हृदयाचा जो भाग मेला त्याला उद्देशून, तुम्ही लिहिले आहे : ‘पोटरी तीन महिन्यांत भरली. मग हृदयाचा तो भाग चार वर्षांत का भरू नये? मत कळव.’ फोनवर हा विषय तडीस जात नाही. आई मध्येच ‘जेवलीस का’ म्हणून विचारते आणि मुद्दा तिथेच राहतो. म्हणून सविस्तर लिहिते.

मत आधी सांगते. स्टेम सेलचे, म्हणजे ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात त्या मूळ पेशींचे, हे इंजेक्शन घेऊ नका, आणि त्यासाठी मुदत ठेव तर मुळीच मोडू नका.

तुमचा प्रश्न मात्र त्या जाहिरातीपेक्षा पुष्कळ वरच्या प्रतीचा आहे, आणि ठाण्यातून निघाल्यापासूनची माझी सगळी वर्षे जवळजवळ त्याच एका प्रश्नात गेली आहेत. तो रास्तही आहे, कारण माल दोन्हीकडे एकच आहे. जांभळी नाक्यावर भाजी घेताना तुम्ही तासभर उभे राहता ते पोटरीच्या आतल्या बाजूच्या ज्या स्नायूच्या बळावर, त्या सोलियसच्या संथ तंतूंमध्ये आणि हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या भिंतींमध्ये ओढण्याचे काम करणारे मायोसिन हे प्रथिन एकाच जनुकापासून तयार होते. प्रयोगशाळेत त्याचे नाव एमवायएच-7. घडण इतकी सारखी असताना एक भरून येतो आणि दुसरा येत नाही, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मलाही खटकले होते.

पण आधी तुमच्या पोटरीबद्दल एक दुरुस्ती. जूनमध्ये जिन्यावरून घसरून पाय मोडला आणि सहा आठवडे प्लास्टर राहिले, त्या काळात पोटरीचे तंतू मेले नव्हते, कामाअभावी बारीक झाले होते. फिजिओथेरपी सुरू होताच त्याच तंतूंनी नवे प्रथिन भरून घेतले. म्हणजे जिचे कौतुक तुम्ही सर्वांना सांगत आहात ती बरीचशी वाढ नवनिर्मिती नसून भरपाई आहे. पडताना जे थोडे तंतू खरोखर फाटले असतील, त्यांची कथा वेगळी. त्यांच्यासाठी स्नायूकडे राखीव पेशी असतात. 1961 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्झांडर मॉरो बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते, तेव्हा तंतूचे पटल आणि त्यावरचे बारीक अस्तर यांच्या फटीत त्यांना लहानशा पेशी दडून बसलेल्या दिसल्या. त्यांनी त्यांना ‘सॅटेलाइट सेल’ म्हटले. एरवी त्या निजलेल्या असतात; इजा झाली की जाग्या होतात, विभागतात आणि एकमेकींत मिसळून नवा तंतू उभा करतात. पीएच.डी.ची माझी सहा वर्षे याच पेशींबरोबर गेली.

त्यातली दोन वर्षे वाया गेली, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितले नव्हते. एक प्रथिन या पेशींना जागे करते असे मला वाटत होते, आणि ते ओळखण्यासाठी विकत आणलेले प्रतिपिंड (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा रेणू) दर वेळी फिल्मवर ते प्रथिन असल्याची खूण म्हणून सुरेख काळी पट्टी दाखवत असे. शेवटी ज्या उंदरांत ते जनुकच काढून टाकलेले होते त्यांचा नमुना लावला, तरी पट्टी तशीच ठसठशीत उमटली. प्रतिपिंड भलत्याच प्रथिनाला चिकटत होते. त्या संध्याकाळी फोनवर मी ‘सर्दी झाली आहे’ म्हणाले होते ना, ती सर्दी नव्हती. तेव्हापासून कोणत्याही सुंदर निकालासमोर मी पहिला प्रश्न हाच विचारते की, जिथे काहीच दिसायला नको तिथे हे काय दाखवते? तुमच्या कात्रणालाही तोच प्रश्न विचारला आहे.

आता हृदय. त्याच्या स्नायूत अशा राखीव पेशींचा साठा नाही. मग तिथे नव्या पेशी मुळीच होत नाहीत का, याचे उत्तर स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिसेन यांच्या गटाने 2009 मध्ये ज्या युक्तीने काढले, ती तुम्हाला आवडेल. तुमच्या जन्माच्या सुमारास उघड्या हवेत अणुचाचण्या चालू होत्या आणि त्यामुळे वातावरणातील कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, वाढत होता. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या 1963 च्या करारानंतर तो दरवर्षी उतरत गेला. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएमध्ये त्या-त्या वर्षाच्या हवेतील कार्बन बसतो, म्हणजे तिच्यावर जन्मसालाचा शिक्काच पडतो. या शिक्क्यांवरून हिशेब निघाला तो असा की, पंचविशीत माणसाच्या हृदयस्नायूच्या पेशींपैकी वर्षाला सुमारे 1 टक्का बदलतात, आणि पंच्याहत्तरीत 0.45 टक्के. जन्मभरात निम्म्याही बदलत नाहीत. तुमच्या हृदयात आज धडधडणाऱ्या बहुतेक पेशी तुम्ही शाळेत जात होतात तेव्हाच्याच आहेत. उलट मोठ्या झटक्यात शंभर कोटींच्या घरात पेशी काही तासांत मरू शकतात. या दराने ते नुकसान भरून निघणे नाही.

हृदयाने असा कंजूषपणा का करावा? याचे एक कारण मला रोज डोळ्यांनी दिसते. स्नायूपेशीच्या आत मायोसिन आणि अ‍ॅक्टिन यांच्या धाग्यांची अत्यंत शिस्तशीर रचना असते. जेमतेम दोन मायक्रोमीटर लांबीचे एकक एकापुढे एक लावत गेलेले. पेशीला विभागायचे तर ही रचना आधी मोडून बाजूला करावी लागते. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस ठाणे स्थानकात फलाट रुंद करण्यासाठी 63 तासांचा ब्लॉक घेतला, तेव्हा दादाला घरी बसावे लागले होते. तुमच्या पायाने सहा आठवड्यांचा ब्लॉक घेतला. दिवसाला सुमारे एक लाख ठोके देणाऱ्या हृदयाला रविवारचाही मेगाब्लॉक परवडत नाही.

काही प्राण्यांना मात्र हे साधते. दादाच्या जुन्या काचेच्या टाकीत पट्टेरी झेब्राफिश होते, आठवतात? मूळचा आपल्याकडच्याच नद्यांतला मासा. 2002 मध्ये असे दिसून आले की, त्याच्या हृदयाच्या कप्प्याचा पाचवा भाग कापला तरी साधारण दोन महिन्यांत तो पुन्हा तयार होतो. 2011 मध्ये टेक्सासमधील एका गटाने दाखवले की, जन्मून एकच दिवस झालेल्या उंदराच्या पिल्लालाही हे जमते, आणि सातव्या दिवसापर्यंत ही क्षमता जाते. सध्या माझे काम याच सात दिवसांवर आहे. पिल्लाच्या हृदयाच्या सुट्या केलेल्या पेशी बशीत ठेवल्या की पहिल्या दिवशी प्रत्येक आपापल्या लयीत आकुंचन पावते. एकमेकींना टेकल्या की दोन-तीन दिवसांत सगळ्या एका ठोक्यावर येतात. पाडव्याच्या शोभायात्रेत कोपिनेश्वरापाशी विस्कळीत सुरू झालेले लेझीम गोखले रोडवर येईपर्यंत जमते, तसे. मी हे शेकडो वेळा पाहिले आहे, आणि अजूनही घड्याळ विसरते.

आईच्या भाषेत सांगायचे तर स्नायूला रफू करता येते, हृदय ठिगळ लावते. मेलेल्या भागावर कोलॅजनचा घट्ट व्रण येतो. तो आकुंचन पावत नाही, म्हणूनच तुमच्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमधला आकडा (दर ठोक्याला कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर पडते तो) 42 वर अडकला आहे. पण त्या ठिगळाला नावे ठेवू नका. ते वेळेवर बसले नसते तर भिंत फाटली असती.

राहिली जाहिरात. अस्थिमज्जेतील पेशी टोचल्या की त्यांचा हृदयस्नायू होतो, असा दावा 2001 मध्ये उंदरांवरील प्रयोगांवरून झाला आणि त्यावर लगोलग रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. 2004 मध्येच दोन गटांनी तपासून सांगितले की, त्या पेशी रक्तपेशीच राहतात, हृदयस्नायू होत नाहीत. हृदयातच स्टेम सेल आहेत हा पुढचा दावाही टिकला नाही. 2018 मध्ये अमेरिकेतील एका नामांकित विद्यापीठाने तो मांडणाऱ्या प्रयोगशाळेचे 31 शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली. माझ्या पट्टीसारखी चूक कुणाचीही होते. पण ती उघड झाल्यावरही तिच्या जोरावर पैसे घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. खरे काम चालू आहे, पण ते वेगळे आहे. येथून दोन-अडीच तासांवरच्या गटिंगेनमध्ये स्टेम सेलपासून आधी हृदयस्नायू बनवून त्याचा तुकडा हृदयावर शिवतात. माकडांवरचे आणि एका रुग्णातील निकाल याच वर्षी प्रसिद्ध झाले. ती अजून चाचणी आहे, आणि शरीराने परका तुकडा नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात.

तेव्हा चार वर्षांपासूनच्या गोळ्या तशाच चालू ठेवा, आणि पायाला फिजिओथेरपिस्टची परवानगी मिळाली असल्यास तलावपाळीच्या फेऱ्या पुन्हा सुरू करा. उरलेला स्नायू त्यानेच नीट काम देतो. कात्रण परत पाठवत नाही. डिसेंबरात येईन तेव्हा पहिल्या इकोपासूनचे सगळे रिपोर्ट आणि सीडी काढून ठेवा. आकडे पुरे झाले, ती भिंत हलताना मला स्वतः पाहायची आहे.

आईला साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींस नमस्कार, पिल्लांना गोड पापा.

तुमची,
धाकटी