माशाला औषध देण्याआधी त्याची स्लाइड बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी झाली, कापसाचे पहिले पैसे हाती आले, की आमच्या दर्यापूर तालुक्यात बऱ्याच घरांत लेकरांच्या हट्टापायी काचेची टाकी येते. दोन गोल्डफिश, चार मोली, पाच-सहा गप्पी. नोव्हेंबर सरता सरता थंडी पडते आणि मासे आजारी पडायला लागतात. मी गावात पॅथॉलॉजी लॅब चालवते. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या माणसांच्या रांगेत या दिवसांत एखादं पोरगं हमखास उभं असतं, हातात पाण्याचा डबा. "ताई, याले काय झालं पहा ना." माझ्याकडे मायक्रोस्कोप आहे म्हणून ते येतं, आणि दुसरं कोणी बघणारं नाही म्हणूनही येतं.

डब्यातला मासा बहुतेक वेळा निळा झालेला असतो. दुकानातून आणलेलं निळं औषध झाकणाने मोजून टाकीत ओतलेलं असतं. किती पाण्याला किती, हे ना दुकानदाराने सांगितलेलं असतं, ना कोणी विचारलेलं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर पाणी मावतं. तळाची गोटी आणि वरची मोकळी जागा सोडली की उरतं ४५ लिटरच्या आसपास. एवढा हिशेब झाल्याशिवाय कुठलंही औषध टाकू नये. आणि हिशेबाच्याही आधी रोग कोणता ते कळायला हवं.

थंडीत सगळ्यांत जास्त दिसतो तो व्हाइट स्पॉट. अंगावर, कल्ल्यांवर, शेपटीवर रव्याच्या कणाएवढे पांढरे ठिपके येतात, मासा गोट्यांवर अंग घासतो. रात्री पाणी गार, दुपारी कोमट, असं रोज वरखाली झालं की माशाची ताकद कमी होते आणि हा परजीवी जोर धरतो. तो माशाच्या कातडीखाली बसतो. मोठा झाला की गळून तळाला जातो, स्वतःभोवती कवच करतो, आणि त्या एका कवचातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. त्यांना दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. कातडीखालच्यावर नाही, कवचातल्यावरही नाही. म्हणून ठिपके गेले की लोक औषध बंद करतात आणि आठवड्याने ते दुप्पट होऊन परत येतात. ठिपके गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवावा लागतो, आणि दर एक-दोन दिवसांनी तळाचं पाणी नळीने ओढून काढावं लागतं, कारण कवचं तिथेच असतात.

गोल्डफिश, मोली, गप्पी यांना जाडं मीठ चालतं. लिटरला दोन ग्रॅम, आधी बादलीत विरघळवून, दिवसभरात थोडं थोडं करून. हीटर असेल तर पाणी रोज एक-दोन अंशांनी वाढवत २८ ते ३० पर्यंत न्यावं. उबेत परजीवीचं चक्र भराभर पुरं होतं आणि तो लवकर औषधाच्या तावडीत सापडतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, तेव्हा हवेचा पंप बंद पडता कामा नये.

हे सगळं मी व्हाइट स्पॉटबद्दल सांगते आहे. नेमक्या याच उपायाने दुसऱ्या एका रोगातले मासे दोन दिवसांत मरतात. तोंडाजवळ किंवा पाठीवर राखाडी-पांढरा थर येतो, लोक त्याला बुरशी म्हणतात. पुष्कळदा ती बुरशी नसते, कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणू असतो, आणि तो उबेत झपाट्याने वाढतो. तिथे हीटर लावणं म्हणजे रोगाला हात देणं. डोळ्यांनी दोन्हींत गल्लत होते. स्लाइडवर, म्हणजे मायक्रोस्कोपखालच्या काचपट्टीवर, होत नाही.

स्लाइड करायला फार काही लागत नाही. मासा ओल्या हातात धरायचा, कव्हरस्लिपची (स्लाइडवर झाकायच्या पातळ काचेची) कड डोक्याकडून शेपटीकडे बाजूच्या अंगावरून अलगद ओढायची. तिच्यावर चिकट बुळबुळीत पदार्थ येतो. तो स्लाइडवर घ्यायचा, त्याच टाकीच्या पाण्याचा एक थेंब, वर कव्हरस्लिप, आणि मासा लगेच पाण्यात. पुरं मिनिटही लागत नाही. व्हाइट स्पॉटचा परजीवी दहापट मोठं दाखवणाऱ्या लेन्सखालीच दिसतो. गोल, कडेने सगळीकडे बारीक केस हलत असतात, जागच्या जागी सावकाश गिरकी घेत असतो, आणि आत घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक स्पष्ट दिसतं. एकदा पाहिलेला माणूस तो विसरत नाही. कॉलम्नॅरिसला चाळीसची लेन्स लागते. लांब, अगदी बारीक काड्या, आणि थोडा वेळ थांबलं तर त्या एकमेकींवर चढून बांधावरच्या सोयाबीनच्या गंज्यांसारखे ढीग करतात. चपटे कृमी असतील तर लांबुळकं शरीर ताणत-आखडत असतं. एवढ्या तीन गोष्टी ओळखता आल्या तरी निम्मं चुकीचं औषध वाचेल.

काही वेळा स्लाइडवर काहीच नसतं. अंगावर ठिपका नाही, थर नाही, कालपर्यंत खात होते आणि आज सगळे एकदम उलटले. असे मासे आले की मी आधी घरच्यांना विचारते, फवारणी कधी केली? आपल्या भागात कपाशीवर सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन या गटातली औषधं सर्रास वापरतात, आणि माणसाला फारसं न जाणवणारं प्रमाणही माशाला मारतं. शेतातून आलेल्या हाताने कौतुकाने दाणे टाकले, बोटं पाण्यात बुडली, झालं. घरातल्या डासांच्या लिक्विडमध्येही बहुधा त्याच गटातलं औषध असतं, आणि टाकीचा पंप तर खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो. ग्रामपंचायतीची धुराची गाडी गल्लीत आली की तेवढा वेळ पंप बंद करून टाकीवर ओलं कापड घालावं. हा आजार नाही, विषबाधा आहे. तिथे एकच उपाय, ताबडतोब तितक्याच उबेचं स्वच्छ पाणी.

पाण्याचं तर आमच्याकडे निराळंच आहे. आम्ही खारपाणपट्ट्यातले. विहिरीचं, बोअरचं पाणी मुळातच खारं, त्यामुळे पुण्या-मुंबईकडचा सल्ला वाचून इथे मीठ टाकायचं तर आधी ते पाणी कुठलं ते पाहावं लागतं. शहानूर धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी गोडं, पण त्यात ब्लीचिंग पावडर असते. वास येणारं पाणी थेट टाकीत ओतलं की कल्ले भाजतात, मासे वर येऊन तोंड उघडतात, आणि त्यावर पुन्हा निळं औषध पडतं. ते पाणी दिवसभर उघड्या ड्रममध्ये ठेवावं, पंपाची नळी सोडली तर आणखी बरं, किंवा दुकानातलं अँटिक्लोरीन वापरावं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच स्पंजात राहतात, क्लोरीनने ते मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. आमचं पाणी अल्कधर्मी, आणि पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्क ते सांगणारा आकडा) सातावरून आठावर गेला की तितकाच अमोनिया सुमारे दहापट विषारी ठरतो. म्हणून नव्या टाकीत पहिला महिना-दीड महिना मासे कमी आणि दाणे त्याहून कमी. तिसऱ्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी करून घासायची सवय तर सोडाच. आठवड्याला पाव भाग पाणी बदललं की पुरे.

एक गोष्ट मला फार खुपते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानातून पोरांना सर्रास सांगितलं जातं, मेडिकलमधून टेट्रासायक्लीनची कॅप्सूल घ्या आणि फोडून टाका. परजीवीवर या औषधाचा काही उपयोग नाही. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी ते बांधलं जातं आणि जिवाणूवरही धड चालत नाही. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मात्र मारतं, आणि नंतर ते पाणी नालीत जातं. माझ्या लॅबमधून शहरात पाठवलेल्या लघवीच्या कल्चरचे (जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते बघण्याच्या तपासणीचे) रिपोर्ट येतात तेव्हा एकेका अँटिबायोटिकसमोर 'रेझिस्टंट', म्हणजे जंतू या औषधाला दाद देत नाही, असं लिहिलेलं मी वाचते. त्या पेशंटच्या घरचे माझ्यासमोर बसलेले असतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही कॅप्सूल माशासाठीही कोणी देऊ नये.

माझी मागणी मोठी नाही. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यांत शेण आणि रक्त तपासायला मायक्रोस्कोप असतात. मासे मात्र मत्स्यव्यवसाय विभागाकडे, आणि त्यांचं कार्यालय जिल्ह्याला. त्यामुळे मासा घेऊन गेलेल्या माणसाला "हे आमच्याकडे नाही" एवढंच ऐकायला मिळतं. दोन्ही विभागांनी मिळून आठवड्यातली एक दुपार माशांच्या स्लाइडसाठी ठेवावी. नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्याचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. तिथल्या शिक्षकांनी तालुक्यातल्या एकेका कर्मचाऱ्याला दोन दिवस शिकवलं तरी काम भागेल.

हे फक्त लेकरांच्या टाकीपुरतं समजू नये. खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणी शेतीला चालत नाही म्हणून गावोगाव शेततळी झाली, आणि कित्येकांनी त्यांत रोहू, कटला सोडले आहेत. व्हाइट स्पॉट त्यांनाही होतो. टाकीतला आजारी मासा "मरण्यापेक्षा पाण्यात जगेल" म्हणून दयेपोटी शेततळ्यात किंवा पूर्णा नदीत सोडणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. टाकीचं काढलेलं पाणीही तळ्यात नको, अंगणातल्या झाडाला घाला, मात्र त्यात मीठ किंवा औषध नसेल तेव्हाच.

तोवर माझ्याकडे किंवा जिथे कुठे मायक्रोस्कोप असेल तिथे मासा न्यायचा तर जिवंत न्यावा, त्याच टाकीच्या पाण्यात, औषध टाकण्याआधी. मेलेल्या माशाच्या अंगावरचे परजीवी लवकरच सोडून जातात, मग स्लाइडवर काही सापडत नाही. सोबत वेगळ्या बाटलीत टाकीचं थोडं पाणी, आणि घरातल्या मोठ्या माणसाने एवढं लिहून द्यावं: पाणी कुठलं, शेवटचं कधी बदललं, नवा मासा कधी आणला, काय काय टाकलं.

आपली,
एक लॅब तंत्रज्ञ,
ता. दर्यापूर, जि. अमरावती