रस्त्यावरचं ‘नाही’ आणि अटकेनंतरचं ‘नाही’

सॅन होजे, कॅलिफोर्निया

प्रिय दादा आणि वहिनी,

स. न. वि. वि.

दादा, तू पुढे ढकललेला तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला वाचला. ‘अमेरिकेत पोलिसांनी दारूच्या संशयावरून थांबवलं तर मशीनमध्ये फुंकायचंच नाही, म्हणजे पुरावाच उरत नाही.’ यातला अर्धा भाग खरा आहे. उरलेला अर्धा माणसाचं लायसन वर्षभरासाठी घालवतो. रोहन इथे आल्यावर गाडी चालवणारच, म्हणून सविस्तर लिहितेय. त्याला पूर्ण वाचायला लाव, नुसतं ‘आत्याचं पत्र आलंय’ असं सांगून ठेवू नकोस. हे सगळं कॅलिफोर्नियाचं आहे. इथे वाहन कायदा राज्याराज्याचा वेगळा असतो, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मित्राचा अनुभव इकडे लावायचा नाही.

मुख्य गोष्ट अशी की फुंकायला सांगण्याच्या वेळा दोन असतात, अटकेच्या आधी आणि अटकेनंतर. लायसनचा सगळा हिशेब या दोहोंमधल्या फरकावर चालतो.

गाडी बाजूला घ्यायला लावल्यावर पोलीस लायसन, नोंदणी आणि विम्याचे कागद मागतो. ते द्यावेच लागतात. मग ‘आज काही घेतलंय का? किती?’ असे प्रश्न येतात. त्यांची उत्तरं न देण्याचा हक्क आहे, आणि तसं नम्रपणे सांगता येतं. खोटं मात्र बोलू नये. संशय वाटला तर पोलीस खाली उतरवून सरळ रेषेत टाचेला बोटं लावत चालायला, एका पायावर उभं राहायला, पेनच्या टोकामागे डोळे फिरवायला सांगतो. या कसरती ऐच्छिक आहेत. नाही म्हटलं म्हणून लायसनला धक्का लागत नाही.

त्यानंतर हातात मावणारं छोटं मशीन पुढे येतं. पोलीस त्याला ‘पास’ म्हणतात. ही प्राथमिक चाचणी. अटक करण्याइतका संशय आहे का, हे ठरवण्यापुरती. ती नाकारण्याचा हक्क आहे हे पोलिसानेच सांगायला हवं, असं वाहन संहितेच्या कलम 23612 मध्ये लिहिलेलं आहे. एकवीस वर्षांवरच्या, आणि जुन्या दारूच्या खटल्यातल्या प्रोबेशनवर नसलेल्या माणसाने ती नाकारली तर त्या नकाराला शिक्षा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवाल्याचा खरा अर्धा भाग तो हा.

पण ‘पास’ नाकारलं म्हणजे सुटका झाली, असं नाही. तोंडाचा वास, अडखळती जीभ, लाल डोळे, लेनमध्ये वाकडीतिकडी गेलेली गाडी, एवढ्यावर अटक होऊ शकते आणि होते. उलट ज्याने खरोखर थेंबही घेतलेला नाही, त्याने तिथेच फुंकून मोकळं व्हावं असं माझं मत. रात्री एक वाजता हक्कांची उजळणी करण्यापेक्षा शून्य दाखवणं सोपं.

आता दुसरी वेळ. पोलिसाने अटक केली की कायदा बदलतो. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याने, कायदेशीर अटक झाल्यास रक्ताची किंवा श्वासाची तपासणी देईन, अशी संमती आधीच दिलेली आहे असं इथे धरलं जातं. नुसतं धरलंच जातं असंही नाही. कलम 13384 प्रमाणे लायसनच्या अर्जावर तशी लेखी संमती घेतल्याशिवाय डीएमव्ही, म्हणजे आपल्याकडच्या आरटीओचं इथलं भावंड, लायसन देतच नाही. त्या अर्जावर सही करताना फारसं कुणी वाचत नाही, रोहनने वाचावं.

अटकेनंतर रक्त की श्वास, हे आपण निवडायचं. अमली पदार्थाचा संशय असेल तर रक्त मागतात. श्वास निवडला तर आधी पंधरा मिनिटं पोलीस नजर ठेवून बसतो. त्या वेळात खाणं, पिणं, ढेकर, उलटी काही होऊ नये, नाहीतर तोंडात राहिलेल्या दारूने आकडा चुकीचा वर जातो. मग दोन वेळा फुंकायचं, आणि दोन्ही आकड्यांत, म्हणजे रक्तातल्या दारूच्या टक्केवारीत, 0.02 पेक्षा जास्त फरक चालत नाही. श्वासाचा नमुना जपून ठेवला जात नाही. रक्ताचा ठेवला जातो आणि आपल्या खर्चाने दुसऱ्या प्रयोगशाळेकडून तपासून घेता येतो. ज्याला आकड्यावर वाद घालायची शक्यता ठेवायची आहे, त्याच्यासाठी हा मोठा फरक. हिमोफिलिया असणाऱ्याला, किंवा हृदयविकारासाठी रक्त पातळ करण्याचं औषध घेणाऱ्याला, रक्त देण्याची सक्ती नाही.

एक गोंधळ इथे हमखास होतो. ‘मी आधीच रस्त्यावर फुंकलंय, आता परत कशाला?’ रस्त्यावरच्या ‘पास’ने ही जबाबदारी पुरी होत नाही. आणखी घोळ म्हणजे काही ठिकाणी अटकेनंतरची अधिकृत चाचणीही तशाच हातातल्या मशीनवर, रस्त्याच्या कडेलाच घेतात. मशीन बघून ओळखायला जाऊ नये. ‘मला अटक झाली आहे का?’ एवढं विचारावं. उत्तर ‘हो’ आलं की नकाराची किंमत सुरू झाली.

नकार म्हणजे नुसतं ‘देणार नाही’ म्हणणं नव्हे. गप्प बसणं हाही नकारच. ‘देतो, पण आधी वकिलाशी बोलू द्या’ हाही नकार, कारण ही चाचणी निवडण्याआधी वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क कॅलिफोर्नियात नाही. आपली मुलं फसतात ती इथे. सिनेमात ऐकलेलं असतं की अटक झाली की वकील मिळतोच. तो हक्क चौकशीच्या प्रश्नांपुरता असतो. पोलिसाने वकिलाचा हक्क आणि चाचणीचा इशारा, दोन्ही एकामागोमाग वाचून दाखवले, माणूस गोंधळला आणि पोलिसाने तो गोंधळ दूर केला नाही, तर पुढे सुनावणीत तो बचावाचा मुद्दा होऊ शकतो. त्यावर भिस्त मात्र ठेवू नये. नळीत फुंकल्यासारखं करून हवाच न सोडणं म्हणजे चाचणी अर्धवट सोडणं, तेही नकारातच मोजतात. दमा असेल तर तसं सांगून रक्त द्यावं. आणि वीस मिनिटांनी मन बदललं तरी पहिला नकार पुसला जात नाही.

आता लायसनचं. पहिल्यांदा नकार दिला की एक वर्ष निलंबन. दहा वर्षांच्या आत दुसऱ्यांदा नकार दिला, किंवा त्या काळात दारू पिऊन चालवल्याची एखादी शिक्षा आधीच खात्यावर असली, तर दोन वर्षं लायसन रद्द, तिसऱ्यांदा तीन. आता हे शेजारी ठेवून बघ. ज्याने चाचणी दिली आणि 0.08 टक्के किंवा वर आकडा आला, त्याचं पहिल्यांदा चार महिने निलंबन होतं. दारूबाबतच्या वर्गात नाव घालून, विम्याचं प्रमाणपत्र देऊन, तीस दिवसांनंतर कामावर आणि वर्गाला जाण्यापुरतं मर्यादित लायसन त्याला मागता येतं. गाडीत श्वास तपासणारं यंत्र बसवून सवलत घेण्याचा मार्गही आहे. नकार देणाऱ्याला यातलं काही नाही. अख्खं वर्ष स्टिअरिंगला हात नाही, नोकरीसाठीसुद्धा नाही.

पुरावा उरत नाही हेही खोटं. पोलीस न्यायाधीशाला फोन करून रात्रीच वॉरंट मिळवू शकतो आणि मग रक्त काढलं जातंच. 2016 साली बर्चफील्ड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेनंतर श्वास वॉरंटशिवाय घेता येतो, रक्तासाठी मात्र सहसा वॉरंट हवं. वॉरंटने रक्त घेतलं तरी नकार नोंदलेलाच राहतो. म्हणजे आकडाही त्यांच्या हाती आणि नकारही. शिवाय फौजदारी खटल्यात सरकारी वकील ज्युरीला सांगू शकतो की हा घाबरून नाही म्हणाला. दोष सिद्ध झाला तर पहिल्या गुन्ह्यालाही नकारामुळे 48 तासांची जादा कैद, आणि तीन महिन्यांऐवजी नऊ महिन्यांचे वर्ग.

अटकेच्या रात्री पोलीस कॅलिफोर्नियाचं प्लास्टिकचं लायसन काढून घेतो आणि गुलाबी कागद देतो. हा कागद म्हणजे निलंबनाचा आदेश आणि तीस दिवसांचं तात्पुरतं लायसन, दोन्ही. लोक तो घडी घालून खिशात ठेवतात आणि कोर्टाच्या तारखेची वाट बघतात. सगळ्यात महाग चूक ती. कोर्ट वेगळं, डीएमव्ही वेगळी. डीएमव्हीकडे सुनावणी मागायला आदेश मिळाल्यापासून दहा दिवस असतात, शनिवार-रविवार धरून. ते गेले की तीस दिवसांनी निलंबन आपोआप लागू. वेळेत मागितली तर सुनावणीचा निकाल लागेपर्यंत निलंबन थांबवून धरायलाही सांगायचं, आणि ते थांबवल्याचं लेखी घ्यायचं. पोलिसाचा अहवाल आणि अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवायचं ते याच टप्प्यावर.

नकाराच्या सुनावणीत चारच प्रश्न असतात. दारू पिऊन गाडी चालवल्याचा संशय घ्यायला पोलिसाला वाजवी कारण होतं का? अटक कायदेशीर होती का? नकार दिल्यास लायसन जाईल हे स्पष्ट सांगितलं होतं का? आणि चाचणी नाकारली किंवा अर्धवट सोडली का? खरोखर किती प्यायला होता, हा प्रश्न यादीत नाहीच. त्यामुळे पूर्ण शुद्धीत असलेला माणूसही रागाने किंवा तत्त्वासाठी नाही म्हणाला तर वर्षभर पायी फिरतो. कोर्टात खटला उभाच राहिला नाही, तरी हे निलंबन आपोआप जात नाही. एक बरं झालं, 2022 मध्ये इथल्या अपील न्यायालयाने ठरवलं की सुनावणीत डीएमव्हीची बाजू मांडणारा आणि निकाल देणारा माणूस एकच असू नये. त्याआधी तोच वकील आणि तोच न्यायाधीश असा प्रकार होता.

वर्ष संपलं म्हणून लायसन घरी येत नाही. 125 डॉलर भरायचे, विमा कंपनीकडून एसआर-22 नावाचं प्रमाणपत्र दाखल करायचं आणि ते तीन वर्षं चालू ठेवायचं. मध्ये विम्याचा हप्ता चुकला की कंपनी डीएमव्हीला कळवते आणि पुन्हा निलंबन. हप्ता किती वाढतो ते विचारूच नकोस. निलंबनात गाडी चालवताना सापडला तर तो वेगळा गुन्हा, आणि गाडी तीस दिवस जप्त होऊ शकते.

रोहन सुरुवातीला नाशिकच्या लायसनवर चालवेल म्हणून यातून सुटेल, असं समजू नका. परदेशी लायसन पोलीस काढून घेत नाही, पण कॅलिफोर्नियात गाडी चालवण्याचा त्याचा हक्क तितकाच निलंबित होतो, आणि त्या काळात इथलं लायसनही मिळत नाही.

सायली पुढच्या वर्षी यायची म्हणतेय, तिचं वेगळं सांगते. एकवीस वर्षांच्या आतल्यांना मर्यादा 0.08 नाही, 0.01 आहे. म्हणजे जवळजवळ शून्य. आणि त्यांना रस्त्यावरचं ‘पास’सुद्धा नाकारता येत नाही. नाकारलं तर वर्षभर लायसन नाही. वर लिहिलेला ऐच्छिकपणा तिच्या वयाला लागू नाही.

वहिनी, तुम्ही व्हिसाचं विचारलं होतं. फक्त अटक झाली, दोष सिद्ध व्हायचाय, तरी अमेरिकेचं परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं. ई-मेल येतो. त्यामुळे इथला मुक्काम लगेच संपत नाही. आय-20, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेलं प्रवेशपत्र, आणि विद्यापीठातली नोंद चालू असेल तर शिक्षण चालू राहतं. पण दिवाळीला नाशिकला आला की परतताना नवा व्हिसा लागतो, आणि त्यासाठी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी. व्हिसाच्या अर्जात कधी अटक झाली होती का, असा प्रश्न असतो. खटला सुटला असला तरी उत्तर ‘हो’च द्यायचं.

दादा, तू म्हणालास की आपल्याकडे बरं, नाकाबंदीत फार तर दंड. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, इथल्या 0.08 टक्के म्हणजे 80 मिलिग्रॅमपेक्षा कितीतरी कडक. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम 203 प्रमाणे फुंकायला नकार दिला आणि पोलिसाला संशयाला वाजवी कारण असेल, तर वॉरंटशिवाय अटक होते. आणि कलम 205 प्रमाणे सबळ कारणाशिवाय दिलेला नकार पुराव्याला बळ देणारा धरता येतो. थर्टी फर्स्टला गंगापूर रोडवर ‘मी नाही फुंकणार’ म्हणणाऱ्यांना हे सांग.

रोहनला येताना मूळ भारतीय लायसन आण म्हणावं, फोटो चालत नाही. फोनमध्ये उबर आणि लिफ्ट ही टॅक्सीची दोन्ही अ‍ॅप ठेवायची, पैसे भरायचं कार्ड जोडून. पार्टीला जाताना गाडी घरीच.

तुझी,
धाकटी

ता. क. — वहिनींच्या भाच्याला न्यूयॉर्कचं कळवा. तिथे पहिल्या नकाराला किमान एक वर्ष लायसन रद्द आणि वर 500 डॉलर दंड, खटल्याचा निकाल काहीही लागो. मिनेसोटात तर अटकेनंतर श्वास नाकारणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे.